खाणीतला कौल

रविवारी सकाळी मुलुंडच्या जुन्या दगडखाणीत पाय ठेवायला जागा नसे. टेकडीच्या पायवाटेने माणसं चढून येत. हातात नारळ, कडेवर पोर, आणि तोंडावर अशी घाई की जणू देव दुपारी जेवायला उठणार आहे. देव खरोखरच उठायचा. दुपार झाली की गाडीची बॅटरी उतरायची आणि तिला पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावायचे.

गाडी म्हणजे काय, तर कमरेइतक्या उंचीची, चार जाडजूड चाकांची, बिनछपराची हातगाडीच म्हणा. फरक एवढाच की हात कोणाचाच नाही. स्टिअरिंग नाही, ड्रायव्हर नाही. वर पोळ्यांच्या डब्याएवढा एक डबा, त्यात सतत काहीतरी गरगरत असतं. जिथे रस्ता नाही अशा डोंगरांत औषधं, सामान पोचवायला ही गाडी तयार होत होती. एका कंपनीने त्यासाठी खाण भाड्याने घेतली होती. गाडी खालच्या शेडपासून वरच्या कड्यापर्यंत एकटीच जा-ये करायची. खड्डा दिसला की थांबायची, जरा विचार केल्यासारखं करायची आणि बाजूने निघून जायची.

वाटेच्या मधोमध एक शिळा होती. तिच्यापुढे आली की गाडी थबके, आणि कधी उजवीकडून, कधी डावीकडून वळसा घालून वर जाई. झालं. एवढ्यावर देव उभा राहिला होता.

कोकणातल्या माणसाला कौल समजावून सांगावा लागत नाही. गावच्या देवळात पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घर बांधू का, मुलगी ह्या घरात देऊ का, भावाशी बोलू का. मुंबईत येऊन तीन पिढ्या झाल्या, गिरण्या जाऊन त्यांचे मॉल झाले, तरी मोठा प्रश्न पडला की माणसं रजा टाकून गावी जायची. आता रजा वाचली.

शिळा स्वयंभू आहे, असं सगळे सांगत. वास्तविक ती दिवाळीनंतर कंपनीनेच जेसीबीने आणून टाकली होती, गाडीला अडथळा हवा म्हणून. निम्म्या वस्तीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. जेसीबी चालू झाला की हातातलं काम टाकून बघत उभं राहायचं, ही आपली जुनी सवय. पण शिळेला शेंदूर लागला आणि जेसीबी सगळ्यांच्या डोक्यातून साफ निघून गेला.

गाऱ्हाणं घालायचा दशरथ. दशरथ मूळचा कंपनीचा वॉचमन. अजूनही तोच होता, फक्त गणवेशावर आता उपरणं आलं होतं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गर्दी म्हणे.

"ह्यां लेकरू आज तुझ्या पायाकडे इलां आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या मनात जां काय आसा, तां तुका वरच्या सॅटेलाइटातसून दिसतां, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चाक तुझां, बॅटरी तुझी. कंपनी निमित्ताक, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग चुन्याच्या रेघेबाहेर सगळे श्वास रोखून उभे राहत. रेघेच्या आत फक्त शिळा, आणि शेजारी जमिनीवर ठेवलेलं उदाचं धुपाटणं. खाणीच्या खळग्यात वारा नसे, त्यामुळे धूर जिथल्या तिथे दाटून राही. गाडी येई, थबके, वळे. "उजवा," कोणी पुटपुटे, आणि कोणाचं तरी लग्न ठरे. "डावा," आणि कोणाचं तरी मोडे.

दीप्ती हे कडेला उभी राहून बघायची. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असत. कंटेनरमधल्या कंपनीच्या ऑफिसला ती जेवणाचे डबे पुरवायची. सुरुवातीला तिला हसू यायचं. आता येत नसे, कारण चैत्रात तिच्या नवऱ्याने, नंदूने, इथेच कौल घेतला होता.

नंदू शाळेच्या बसवर ड्रायव्हर. त्याहून मोठी ओळख म्हणजे भजनी मंडळाचा बुवा. गालात तंबाखूची गोळी आणि गळ्यात असा आवाज की पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागे. त्या गालात आतून एक जखम झाली. बरी होईना म्हणून दीप्तीने त्याला ओढत हॉस्पिटलात नेलं. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, पण लहान आहे. लवकर ऑपरेशन केलं तर बरा होण्याची चांगली आशा आहे. गालाचा भाग जाईल, थोडा जबडाही काढावा लागेल.

"जबडा काढल्यावर मी काय करू?" नंदू बाहेर येऊन म्हणाला. "टाळ कुटत बसू?"

"जिवंत बसशील."

"कौल घेतो. देव म्हणाला तर करतो."

देव डावा म्हणाला.

उन्हाळाभर दीप्ती त्याच्या मागे लागली. घरात, बसस्टॉपवर, जेवताना. दोघं भांडुपच्या एकाच चाळीत वाढलेली, एकमेकांना अरे-तुरे करत मोठी झालेली, त्यामुळे भांडण कधी अडलं नव्हतं. आता नंदू भांडतच नव्हता. "डावा आलाय गो," एवढंच म्हणायचा, आणि भिंतीकडे तोंड करायचा. गणपती आले तोवर त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. आरतीला तो उभा राहिला खरा, पण म्हटली दुसऱ्यांनी. त्याने टाळच वाजवला. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती. दीप्ती त्याला पेज द्यायची आणि तो कानाखाली हात धरून गिळायचा.

गणपतीनंतरच्या एका दुपारी ती डबे घेऊन कंटेनरमध्ये गेली, तेव्हा आत एकटा प्रबुद्ध होता. घाटकोपरचा पोरगा, गाडीच्या कामावरचा इंजिनिअर. डबा उघडायच्या आधी भाजी ओळखायचा आणि नेहमी चुकायचा.

"वांगं."

"दोडका. खा गुपचूप." ती रिकामे डबे उचलायला वाकली, तशी तिची नजर त्याच्या स्क्रीनवर गेली. काळ्या पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पसारा होता. "हे काय रे?"

"खाण. गाडीला दिसते तशी."

"मग हा मधला ढीग म्हणजे शिळा?"

"बरोबर."

"आणि तिच्या बाजूची ही भिंत? तिथे तर काहीच नाहीये." तिने दारातून बाहेर डोकावून खात्री केली. शिळेजवळ कोणीतरी घरचं धुपाटणं लावून गेलं होतं. बाकी मोकळी जमीन.

प्रबुद्धने घास खाली ठेवला. "भिंत नाही वहिनी. धूर आहे तो."

मग त्याने तिला सांगितलं. वरचा डबा चहूकडे उजेडाचे किरण फेकतो. किरण कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून ती वस्तू किती लांब आहे हे गाडी ठरवते. किरण दाट धुरावर आपटूनही परत येतो. गाडीला वाटतं, इथे काहीतरी घट्ट उभं आहे. ती ती बाजू सोडते आणि मोकळ्या बाजूने जाते.

"धुळीने होतं, धुक्याने होतं. ही चूक सुधारायचाच पगार मिळतो आम्हाला."

"म्हणजे धुपाटणं उजवीकडे ठेवलं, की..."

"गाडी डावीकडून."

दीप्ती खुर्चीत बसली. "दशरथला माहीतये हे?"

"सगळ्यात आधी त्यालाच कळलं. डासांसाठी शेणीचा धूर करायचा तो. गाडी भलतीकडेच वळायला लागली, तर आम्ही चाकं खोलून बसलो होतो. तो म्हणाला, साहेब, चाकाला काय झालं नाय, ती धुराला लाजते."

"आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत."

"मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पोरं, कुत्री, नारळ, धूर, एवढी गर्दी फुकट मिळतेय चाचणीला, राहू दे." प्रबुद्ध डब्यातल्या दोडक्याकडे बघत होता. "नंतर मीही गप्प बसलो. नोकरी नवीन आहे."

दीप्तीला चैत्रातली ती सकाळ आठवली. गाऱ्हाण्याआधी दशरथने नंदूला बाजूला घेतलं होतं. बुवा, मनात काय आसा? नंदू काय बोलला ते तिला ऐकू गेलं नव्हतं. पण त्यानंतर दशरथने धुपाटणं उचलून शिळेच्या उजव्या अंगाला ठेवलं होतं, ते लख्ख आठवत होतं. जो तो आपल्याच मनातलं घेऊन येत होता, आणि दशरथ ते त्याला देवाच्या नावाने परत करत होता. म्हणून तर त्याचा कौल कधी चुकत नव्हता.

"रविवारी मी नंदूला परत आणते," ती म्हणाली. "धुपाटणं डावीकडे ठेवलं की उजवा येईल."

"वहिनी, मग आपल्यात आणि दशरथमध्ये फरक काय?"

"माझा नवरा ऑपरेशनला जाईल, हा फरक."

दीप्ती रिकामे डबे पिशवीत भरून उठली.

नंदू तयार झाला. कौल फिरून मागता येतो, गावीही मागतात. "उजवा दिला तर दुसऱ्या दिवशी अॅडमिट होतो," तो जड जिभेने म्हणाला. "आईशप्पथ." दीप्तीने घरी पिशवी भरून ठेवली. टॉवेल, लुंगी, जुने रिपोर्ट, थर्मास.

रविवारी ती दशरथकडे गेली. "आज धुपाची सेवा मी करते. बुवासाठी."

"कर गो, कर." बुवाची बायको सेवेला आल्याने दशरथ खूश झाला. आवाज खाली आणून त्याने सांगितलं, "आधी विमलामावशीचो नंबर. धूप उजव्या अंगाक ठेव नि मागे सर."

विमलामावशी दीप्तीच्याच गल्लीतली. तिच्या खांद्यावर तिचा नातू ओजस झोपला होता. कपाळावर पडल्याची खूण. त्याला फिट्स येत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यापासून फिट थांबल्या होत्या, पण पोरगं वर्गात पेंगायचं आणि बाई तक्रार करायच्या.

"गोळ्ये चालू ठेवूचे काय बंद करूचे, म्हाराजा," दशरथने सुरू केलं. "ठेवूचे आसतीत तर उजवो दी..."

"व्हय म्हाराजा."

दीप्तीच्या हातात धुपाटणं होतं. उजवीकडे ठेवलं की डावा येणार. गोळ्या बंद. पुढचा नंबर नंदूचा. तेव्हा ती ते हळूच डावीकडे सरकवेल, आणि उद्या सकाळी नंदू हॉस्पिटलात असेल. आता दशरथचा शब्द मोडला तर तो धुपाटणं हातातून काढून घेईल, आणि मग काहीच उरणार नाही. मावशीला नंतर घरी गाठून सांगता येईल, असंही तिच्या मनात आलं. पण घरी गाठून सांगण्याचं काय होतं, ते तिने उन्हाळाभर पाहिलं होतं.

ओजसने झोपेत कूस बदलली.

"गो, ठेव मगो," दशरथ म्हणाला.

दीप्तीने गर्दीकडे तोंड केलं. रेघेपलीकडे नंदू उभा होता, अंघोळ करून, भजनाचा पांढरा झब्बा घालून. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"कोणी प्रश्न विचारू नका," ती म्हणाली. "गाऱ्हाणं नको, काही नको. नुसतं बघा."

धुपाटणं उजवीकडे ठेवून ती मागे सरली. गाडी आली, थबकली, डावीकडून गेली. परत खाली आली तेव्हा तिने ते उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. गाडी उलट्या बाजूने गेली. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जिकडे धूर, तिकडे गाडी जाईना. मग तिने कोणा बाईच्या हातातलं दुसरं धुपाटणं मागून घेतलं आणि दोन्ही बाजूंना धूर केला. गाडी शिळेसमोर येऊन उभी राहिली. जरा मागे गेली, जरा पुढे आली, आणि थांबली ती थांबलीच.

"देव हँग झाला," गर्दीत कोणी तरुण म्हणाला. काहीजण हसले.

कंटेनरचं दार उघडलं आणि प्रबुद्ध खाली आला. नोकरी नवीन होती तरी आला. किरण, धूर, भिंत, जेसीबी, सगळं त्याने सांगितलं. वर्गात बोलावं तसं तो बोलत होता, पण बोलला.

"आता कसो देव येयत?" दशरथ ओरडला. "भायली बाई आत घातली मी, चूक माझी. कोपलो देव."

"मघाशी तूच मला आत घातलंस, कुठे ठेवायचं ते सांगून," दीप्ती म्हणाली. "उजव्या अंगाक. का रे?"

दशरथ उपरणं सावरत राहिला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक आजोबा पुढे आले आणि अगदी मनापासून विचारते झाले, "पण बाळा, मग ह्यातला खरा कौल कुठला धरायचा?"

प्रबुद्धने कपाळाला हात लावला.

"म्हणजे मी गोळ्यांचं काय करू?" विमलामावशी रडकुंडीला आली होती.

"द्यायच्या मावशी. आज घरी जाऊन द्यायच्या. पेंगतो म्हणून त्याच डॉक्टरांना विचार, ते मात्रा बघतील. त्यांनी ह्या पोराला तपासलंय. ह्या गाडीला तो पोरगा आहे की पोतं, तेसुद्धा कळत नाही."

हे बोलून तिने वळून पाहिलं, तेव्हा रेघेपलीकडे नंदू नव्हता. पायवाटेने तो खाली चालला होता, पांढरा झब्बा झाडीत दिसत-लपत. तिने त्याला उतारावर गाठलं.

"मला आज उजवा देणार होतीस ना?" त्याने मागे न बघता विचारलं.

"हो."

"मग द्यायचा होतास."

दीप्ती त्याच्या बरोबरीने उतरत राहिली.

"दिला असतास तर मी गेलो असतो गो. आता कोणाच्या जोरावर जाऊ?"

"माझ्या जोरावर चल. डॉक्टरांच्या चल."

तो थांबला, गालाला हात लावून. "दशरथने विचारलं होतं, मनात काय आसा. मी सांगितलं, डावा पाहिजे. मीच सांगितलं." मग तो वळून खाली उतरला.

त्या रागात, त्या लाजेत आणखी काही आठवडे गेले. मग दुखणंच त्याला हॉस्पिटलात घेऊन गेलं. डॉक्टरीणबाईंनी मानेला हात लावला, नवे फोटो पाहिले, आणि आधी दीप्तीला बसायला सांगितलं. रोग हाडात आणि मानेत शिरला होता. ऑपरेशनचा आता उपयोग नव्हता. वेदना कमी करता येतील, त्या नक्की करू, त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर दीप्तीला बरं वाटलं असतं.

खाणीत आता कंपनी नाही. गाडी धुराला फसायची थांबली आणि चाचणी दुसऱ्या डोंगरावर गेली. प्रबुद्धला त्याआधीच काढलं होतं. शिळा आहे तिथेच आहे. रविवारी तिथे अजून माणसं जातात आणि शिळेवरून बकरी कोणत्या बाजूने उतरते ते बघतात, असं दीप्तीने ऐकलं. दशरथ दिसत नाही, पण त्याच्या जागी दुसरा आहे. ओजसची गोळी मात्र चालू आहे. मात्रा बदलली, पेंगणं कमी झालं. एवढी एकच बातमी सांगण्यासारखी.

मागच्या आठवड्यात नंदूला बघायला बसवरचे तिघे ड्रायव्हर आले. कॉटशेजारी बसले, केळी ठेवली, क्रिकेटचं बोलले. तिघांच्याही गालांत तंबाखूची गोळी होती. बाहेर जाताना एकजण दीप्तीला हळूच म्हणाला, "वहिनी, शेवटी नशिबात असतं तेच होतं."

"नशिबात नव्हतं रे," ती म्हणाली. "गालात होतं. दिसत होतं, हाताला लागत होतं, आणि डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. आम्ही ते सोडून दगडाला विचारायला गेलो."

आतून नंदूने टाळी वाजवली. आताशा तो बोलायचं असलं की टाळी वाजवतो. तिघे परत आत गेले. त्याने त्यांना जवळ बोलावलं, मोबाइलकडे बोट केलं. दीप्तीने टॉर्च लावला. नंदूने तोंड उघडलं. एक बोट आत जाईल एवढंच उघडलं, पण त्याने मान वर करून ते उजेडात धरलं आणि तिघांनी बघेपर्यंत धरून ठेवलं.

मग त्याने बोटाने त्यांच्या तोंडांकडे खूण केली.

"आ करा," दीप्ती म्हणाली. "पांढरा चट्टा असेल, जखम भरत नसेल, तोंड कमी उघडत असेल, तर उद्या हॉस्पिटलात जा. मला विचारू नका, देवाला विचारू नका. ज्याला तोंडातलं कळतं, त्याला दाखवा. एकाचं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पण दाखवा."

पहिला मोरीत जाऊन थुंकून आला आणि त्याने आ केला. दुसऱ्यानेही केला, डोळे मिटून. तिसरा दारात चपला घालत होता.

"बघू वहिनी," तो म्हणाला. "रविवारी येतो."